वफीका बाईंची चौतीस स्टुलं

माझ्या गळ्यात किल्ली असायची. काळ्या नाडीत ओवलेली, सदऱ्याच्या आत. आंघोळीलासुद्धा काढत नसे. बायको म्हणायची, "निकाह माझ्याशी लावलात की त्या कपाटाशी?" मी म्हणायचो, "तू हरवलीस तर माझा पगार कोणी कापणार नाही. कपाटातली कानस हरवली तर कापतील."

मी बसयूनी. दुम्यात या सुतारांच्या गावातल्या आमच्या कालव्याकाठच्या प्राथमिक शाळेत सव्वीस वर्षं भांडारपाल. माझ्या कपाटात कार्यानुभवाच्या तासाची हत्यारं होती. बारा रंधे, बारा करवती, चोवीस पटाशा, कानशी, हातोड्या, गुण्ये. मी नोकरीला लागलो त्याच साली ती खोक्यातून आली, ग्रीस फासून कागदात गुंडाळलेली. मी मोजली, सही केली, कुलूप लावलं. दर जूनला कचेरीतून तपासणी समिती यायची. मी एकेक पुडकं सोडायचो, ते मोजायचे, मी पुन्हा बांधायचो. डेडस्टॉक वहीत शेरा पडायचा : "पूर्ण. स्थिती : नवी." सव्वीस वर्षांत लाल शाईचा एक ठिपका नाही! दुसऱ्या शाळांच्या भांडारपालांना माझं उदाहरण द्यायचे.

मग ती हत्यारं वापरायचं कोण? कोणीच नाही. काय पण प्रश्न! वापरली तर झिजणार, झिजली तर मोडणार, मोडली तर माझ्या पगारातून जाणार.

कार्यानुभव शिकवायच्या वफीका बाई. बुटक्या, जाड चष्म्याच्या, चालणं असं की मागून येणाऱ्याला धावावं लागे. तेहतीस वर्षं त्यांनी फळ्यावर रंधा काढला. "हा तळ, हे पातं, ही पाचर, ही मूठ." पोरं वहीत उतरवायची आणि परीक्षेत लिहायची. आणि पोरं कोणाची, तर सुतारांची! आमच्या गावात दुधाचे दात यायच्या आधी कानात भुसा गेलेला असतो. पण बाप पोरांना कारखान्यात पाऊल टाकू देत नाहीत. "माझ्या छातीत गेला तेवढा भुसा पुरे, तू डॉक्टर हो." म्हणजे पोरं ना घरची ना घाटची. रंध्याचे सात भाग तोंडपाठ, आणि रंधा हातात दिला तर उलटा धरतील.

बरं, ही पोरं बसायची कशावर? साऱ्या देशातल्या नवरीमुलींच्या दिवाणखान्याचे सोनेरी सेट आमच्या गावातून जातात, आणि आमची पोरं एका मोडक्या बाकावर चार-चार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या वर्षी सप्टेंबरात बाई फळ्यावर रंधा काढत होत्या. जूनमध्ये त्यांची साठ वर्षं पूर्ण होणार होती, शेवटचं वर्ष. मी खडू द्यायला दारात उभा. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतलं बाक कडाडलं आणि चार मुली खाली. त्यातली बदरिया, हिल्मीमिस्त्रीची पोरगी, तोंडाची भलती फटकळ. फ्रॉक झटकत उठली आणि म्हणाली, "बाई, रंध्याचे भाग पाठ झाले. आता बाकाचे सांगू? हा पाय, ही फळी, हा खिळा, आणि ही मी."

वर्ग खदाखदा हसला. बाई हसल्या नाहीत. हातातला खडू ठेवून त्या थेट माझ्यापुढे आल्या.

"बसयूनी, किल्ली."

"कसली किल्ली, बाई?"

"गळ्यात घालून मिरवताय ती."

"अहो, ती हत्यारं नवी आहेत!"

"सव्वीस वर्षं नवीच आहेत. कधी जुनी होणार? मी मेल्यावर?"

मी सरळ नाही म्हणालो. हेडसरांकडे जा म्हणालो. हेडसर रिफअत त्यांना म्हणाले, "बसयूनी देत असेल तर माझी हरकत नाही." म्हणजे साप मरावा आणि काठीही मोडू नये! दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत बाई माझ्या भांडाराच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागल्या. भांडण नाही, तंटा नाही. ताअमियाची, म्हणजे डाळवड्यांची भाकर खायची, माझाच चहा प्यायचा, आणि उठताना विचारायचं, "किल्ली?" नऊ दिवस! येणारेजाणारे विचारायला लागले, बाईंचं काही देणं आहे का तुमच्याकडे?

दहाव्या दिवशी त्यांनी कागद आणला. सगळी हत्यारं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर घेतल्याचा. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाई, वेड लागलंय का? निवृत्तीच्या वर्षी कोणी शहाणा जबाबदारी अंगावर घेतो? जूनमध्ये एक पटाशी कमी भरली तरी काही देणं नसल्याचा दाखला अडकेल. दाखला नाही तर पेन्शन नाही. माझा मेव्हणा एका टाइपरायटरपायी तीन वर्षं खेटे घालत होता!"

"तेहतीस वर्षं फळ्यावर रंधा काढला, बसयूनी," त्या म्हणाल्या. "त्या रंध्यानं एक सालपट निघालं नाही. माझ्या एकाही पोरानं माझ्या तासाला एक वस्तू केली नाही. एक सुद्धा. ह्या वर्षी सहावीतलं प्रत्येक पोर स्वतःच्या हातानं केलेल्या स्टुलावर बसेल. मग पेन्शन मिळो नाहीतर न मिळो."

आणि सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

मी कपाट उघडलं, पण किल्ली दिली नाही. प्रत्येक तासाला दारात खुर्ची टाकून बसायचो. सुरुवातीला मोजायचो, शेवटी मोजायचो, मध्ये नुसता जीव मुठीत धरून बसायचो. पहिल्या दिवशी एका पोरानं रंधा दगडावर आपटला तेव्हा मी अशी किंकाळी फोडली की हेडसर धावत आले.

लाकूड विकत घ्यायला दमडी नव्हती. बाई पोरांना घेऊन कारखान्या-कारखान्यातून बीच झाडाच्या लाकडाचे तुकडे मागत फिरल्या. जळणात जायचे तेच. मिस्त्री लोक हसायचे. "बाई, सुतारकी शिकवताय? दुम्यातच्या पोरांना? मग माशांनाही पोहायला शिकवा!"

आणि पोरं शिकली, पण कशी? आमच्या गावाचीच खोड. आमच्याकडे कोणी आकृती काढत नाही. प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला फर्मे टांगलेले असतात. पातळ लाकडाचे, खुर्चीच्या पायाचा एक, पाठीचा एक. आजोबानं केलेला, बापानं वापरलेला. तो फळीवर ठेवायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची, कापायचं. झालं. पाय करणारा जन्मभर पायच करतो, कोरणारा कोरतो, सोनेरी रंग देणारा रंग देतो. अख्खी खुर्ची आपल्या डोक्यातून काढलेला माणूस गावात शोधून सापडायचा नाही.

तर पोरांनी काय करावं? घरून गुपचूप फर्मे आणले. पहिली चार स्टुलं झाली. अहाहा! काय ते बाकदार पाय! बदरियाचं तर मला सुद्धा आवडलं. पोरं ऐटीत बसली, आणि आठच्या आठ पाय हवेत लोंबकळायला लागले.

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "हे माप कोणाचं?"

"बाबांच्या फर्म्याचं, बाई."

"आणि बाबांकडे कुठून आलं?"

"आजोबांचं."

"ते कोणाच्या बुडाचं?"

वर्गात हशा. खरंच, अख्ख्या गावात हजारो फर्मे, सगळे नवरीच्या आणि पाहुण्यांच्या मापाचे. लेकराच्या मापाचा फर्मा एकाच्याही भिंतीवर नव्हता.

"मोडा," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

मग त्यांनी प्रत्येकाला भिंतीला पाठ लावून, जमिनीवर टाच टेकून, मित्राच्या गुडघ्यावर बसवलं. (कोणी कोणाच्या गुडघ्यावर बसायचं यावरून दोन मारामाऱ्या झाल्या.) खडूनं गुडघ्याची उंची भिंतीवर मांडली. भिंत कोणाची? माझ्या भांडाराची! चौतीस खुणा, खाली चौतीस नावं. मी ओरडलो, "परवाच चुना लावलाय!" बाई म्हणाल्या, "मग खुणा छान दिसतील." मग साबणपावडरच्या पुठ्ठ्याची स्टुलं करायला लावली. बसली की पिचायची. का पिचलं ते सांग, मग दुसरं कर. दोन महिने पुठ्ठाच! पोरं रडकुंडीला आली, बाई नाही.

"बाई, बस झालं ना आता?" एकानं विचारलं.

"तू बस त्यावर. तू पडला नाहीस तर बस झालं."

तो पडला.

फेब्रुवारीत हिल्मीमिस्त्री आला. आला म्हणजे, फाटकापासून त्याचा आवाज आला. हातात एक फर्मा, खालून चार बोटं कापलेला.

"कुठाय ती बाई? माझ्या पोरीनं माझ्या आजोबाच्या फर्म्याला करवत लावली! सत्तर वर्षांचा फर्मा! ह्यावर तीन पिढ्या जेवल्या!"

झालं असं होतं, की बदरियाला ते बाकदार पाय काही सोडवेनात. स्वतःचं माप घेतलं, आणि फर्मा तेवढा आखूड करून टाकला. घरात कोणाला सांगितलं नाही. पोरगी बाईंच्या मागे लपली होती. हिल्मी कचेरीत तक्रार घेऊन गेला असता तर तास बंद, हत्यारं परत, आणि बाई दोन्हीकडून गेल्या असत्या.

"चूक आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "बदरिया, बाहेर ये. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय कापलीस. आता नवीन फर्मा करून द्यायचा, तसाच्या तसा. मिस्त्री, आठ दिवस द्या. नाही जमलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर कचेरीत येते."

"ही करणार? माझ्या आजोबाचा फर्मा? बारा वर्षांची ही चिमणी?"

"आठ दिवस."

बदरियानं विचारलं, "बाई, कापलेल्या फर्म्यावर तुकडा जोडून उतरवू?" बाई म्हणाल्या, "फर्म्यावरून फर्मा नाही. खरी वस्तू घे, ती माप." पोरीच्या घरात स्वयंपाकघरात पणजीच्या लग्नातली एक खुर्ची होती, सोनं उडालेली, त्यावर कांद्यांची टोपली ठेवलेली. पणजोबानं केलेली, फर्मा नवा होता तेव्हाची. बदरियानं कांदे उतरवले आणि बोटाबोटावर तिचा पाय मोजला. कागदावर काढला, खोडला, पुन्हा काढला. शेवटचे तीन दिवस शाळेत नुसती कानस घासत होती. तळहात सोलवटले, पण माझ्याकडे फडकंसुद्धा मागितलं नाही.

आठव्या दिवशी हिल्मी आला. कापलेल्या फर्म्यावर नवा फर्मा ठेवला आणि ओरडला, "बघा! चुकलाच! घोट्यापाशी अर्धं बोट जाड आहे!"

बदरियाची मान खाली. पण बाईंनी तिच्या हातून ती कांद्यांची खुर्ची आणवून ठेवली होती. "मिस्त्री, आता खुर्चीवर ठेवून बघा."

नवा फर्मा खुर्चीच्या पायावर तंतोतंत बसला. जुना मात्र घोट्यापाशी आत राहिला.

हिल्मी वाकला. जुन्या फर्म्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग तोच अंगठा खुर्चीच्या पायाच्या घोट्यावरून फिरवला. सत्तर वर्षं कडेनं पेन्सिल फिरली होती, दरवर्षी बापानं, मग त्यानं कड साफ करायला पॉलिशपेपर मारला होता. फर्मा झिजला, आणि त्याच्याबरोबर दरवर्षी केसभर खुर्चीचा पाय झिजत गेला.

"चार वर्षं झाली, पाय मोडल्याच्या तक्रारी येतायत," तो हळूच म्हणाला. "घोट्यापाशीच मोडतात. मी लाकूडवाल्याला शिव्या घालत होतो. त्याच्याशी बोलणं सोडलं मी!"

मग त्यानं नवा फर्मा काखेत मारला, पोरीच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "घोडे, विचारून कापायचं होतंस." त्या दिवसानंतर दर गुरुवारी हिल्मी यायचा आणि पोरांना पटाशीला धार लावायला शिकवायचा. माझ्या नव्याकोऱ्या पटाशांना! मी डोळे मिटून घ्यायचो.

एप्रिलात ते झालंच. खाच पाडताना बदरियाची पटाशी तुकड्यात लपलेल्या खिळ्यावर गेली आणि पातं मधोमध तुटलं. पोरगी पांढरीफटक. तिला दाखल्याचं माहीत होतं, सगळ्या वर्गालाच माहीत होतं. बाईंनी दोन्ही तुकडे उचलले, रुमालात बांधून माझ्या हातात दिले.

"लोखंड आहे, मोडतं. लाकूड आधी तपासायचं, कळलं? चल, दुसरी घे. खाच अर्धी राहिलीय."

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जूनमध्ये सांगेन, माझ्या हातून मोडली." मी म्हणालो, "पेन्शन?" त्या म्हणाल्या, "बघू." आणि वर्गात परत गेल्या. मी रुमाल कपाटाच्या तळाशी ठेवला.

मेअखेर चौतीस स्टुलं झाली. एकासारखं दुसरं नाही. उंच, बुटकी, तीन पायांची, एकाला दप्तर ठेवायला खालून कप्पा. त्या सकाळी बाई वर्गात आल्या आणि पोरं बसली. चौतीस पोरं, अडुसष्ट टाचा जमिनीला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "बसा, बसा," पोरं बसलेलीच होती.

समिती यायच्या आदल्या दिवशी मला सुचलं. "बाई, घात झाला! कमी भरलं तर गुन्हा, जास्त भरलं तर त्याहून मोठा! ही स्टुलं वहीत नाहीत. लाकूड कुठलं, परवानगी कोणाची, विचारत बसतील."

"मग?"

"मग शाळेची नाहीतच ती. ज्याची त्यानं घरी न्यायची."

शाळा सुटली तेव्हा चौतीस पोरं डोक्यावर स्टुलं घेऊन कारखान्यांच्या गल्लीतून निघाली. रंधे थांबले, मिस्त्री दारात आले. एकानं विचारलं, "ए, ह्याचा फर्मा कोणाकडे आहे?" बदरिया वळली आणि म्हणाली, "फर्मा नाही. तुमच्या पोराला घेऊन या, मापून देते."

दुसऱ्या दिवशी समिती. तिघे जण. बाई एका बाजूला, दाखल्याचा कोरा कागद टेबलावर. प्रमुख साहेबांनी एक रंधा उचलला, नाकाशी धरला. "हा तर वापरलाय!"

"रंधाच आहे तो, साहेब," बाई म्हणाल्या.

त्यांनी "नवी" शब्दावर पेन थांबवलं, वापरायची मनाई कुठे लिहिलीय का ते नियमात शोधलं. सापडली नाही. मग पटाशा मोजल्या. एकवीस, बावीस, तेवीस.

"चोविसावी?"

बाईंनी तोंड उघडलं. आणि मी, बसयूनी, सव्वीस वर्षांत ज्यानं एका खिळ्याचं खोटं सांगितलं नाही, तो मध्येच म्हणालो, "ती बाईंच्या ताब्यात नव्हती, साहेब. मी परत घेतली होती. चीजचा डबा उघडत होतो. मोडली." आणि रुमाल सोडून तुकडे पुढे केले.

"चीजचा डबा? सरकारी पटाशीनं?"

"खारट चीज खाल्ल्याशिवाय मला जेवण जात नाही, साहेब."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी छताकडे बघत होतो. साहेबांनी लाल शाईचं पेन काढलं : "कमी : पटाशी एक. भांडारपालाचा निष्काळजीपणा. तीन दिवसांचा पगार कपात." आणि बाईंच्या दाखल्यावर निळ्या शाईत सही.

समिती गेल्यावर बाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या घरी डबा बायको सुरीनं उघडते. सगळ्या गल्लीला माहितेय."

"मग गल्लीला सांगू नका."

त्या रडल्या. मग रडता रडता हसल्या. मी चहा टाकला, पाकात बुडवलेली मिशब्बिक मागवली आणि दोघांनी बोटं चिकट होईपर्यंत खाल्ली. इतकं गोड मला कधी लागलं नव्हतं.

सप्टेंबरात बाईंच्या जागी नवा मास्तर आला. कोवळा पोरगा, इस्त्रीचा सदरा. पोरं डोक्यावरून स्टुलं घेऊन सातवीच्या वर्गात शिरत होती, ती बघत तो भांडाराच्या दारात घुटमळला.

"काका, एक रंधा मिळेल का? फळ्यावर काढायचाय. बघून काढतो."

"काढायला मिळणार नाही," मी म्हणालो. गळ्यातली नाडी काढली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "चालवायला हवे असतील तर बाराच्या बारा घेऊन जा."

तो घाबरला. "आणि एखादा मोडला तर?"

"तर माझ्या नावावर लिही. तिथे एक लाल शेरा एकटाच पडलाय, त्याला सोबत होईल."